नानांच्या पिक्चरमधली पोरगी

आमच्या कॉलनीत कोणी मोबाइलला गजर लावत नाही. गरजच पडत नाही. सकाळी पावणेसहाला हवालदार नाना फाटकाबाहेर येतात, दोन्ही टाचा खाडकन जुळवतात, दुधाची किटली बंदुकीसारखी खांद्याला लावतात आणि डेअरीकडे कूच करतात. कूच करताना गातात. तेही इंग्रजीत.

"हप्पा डप्पा डूडली डो! हप्पा डप्पा डूडली डो!"

मी तीस वर्षं जळगावात मुलांना इंग्रजी शिकवलेली बाई. निवृत्त झाले ते सकाळी निवांत झोपावं म्हणून, आणि घर घेतलं ते नेमकं या माणसाच्या शेजारी. पहिला आठवडा मी उशी कानावर दाबून काढला. दुसऱ्या आठवड्यात गाऊन सावरत बाहेर आले आणि विचारलं, "नाना, हे काय आहे?"

"इंग्लिश गाणं शे म्याडम."

"हे इंग्लिश नाही नाना. यात एकही इंग्लिश शब्द नाही."

नानांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "हाई अमेरिकन इंग्लिश शे म्याडम. तुमच्या पुस्तकात नसेल."

माझा असा संताप झाला! घरात जाऊन मी डोकं लावलं, आणि ते 'हॅपी डॅडी, डोन्ट यू गो' असलं पाहिजे असं ठरवून एका कागदावर देवनागरीत लिहून त्यांच्या हातात दिलं. नानांनी कागद वाचला, व्यवस्थित घडी करून खिशात ठेवला, मला सॅल्यूट केला, आणि दुसऱ्या दिवशी पावणेसहाला पुन्हा हप्पा डप्पा. सहा वर्षं झाली या गोष्टीला. कागद बहुतेक अजून खिशात असेल.

नानांचं खरं नाव लोटन. गाव चोपड्याच्या पुढे, पार सातपुड्याच्या पायथ्याशी. पलटणीत ते ट्रक चालवायचे. पाठ अजूनही अशी ताठ की आमच्या ह्यांना मी सारखी उदाहरण म्हणून दाखवते, आणि ह्यांना नाना आवडत नाहीत त्याचं एवढं एकच कारण आहे. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना नाना सॅल्यूट करतात. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की उजव्या हाताचं बोट वर करून म्हणतात, "इथे ध्यान द्या." मेथी महाग झाली हेही ते असंच सांगतात.

पण हे सगळं फोडणीपुरतं. नानांचं खरं वेड म्हणजे पिक्चर. अनेक नव्हे, एकच. पंजाबातल्या छावणीत मैदानावर पांढरा पडदा बांधून जवानांना अमेरिकेतला एक जुना नाचगाण्यांचा पिक्चर दाखवला होता. गाणाऱ्या शिपायाचा. नानांनी तो एकदाच पाहिला, तो दिवस आणि आजचा दिवस, पिक्चर काही संपलेला नाही. ऐकणारा कोण, वेळ कोणती, घाई आहे की नाही, कशाचंही बंधन नाही. आमच्याकडे गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी तो निम्मा ऐकवला आहे, सिलिंडर त्याच्या खांद्यावर असताना.

एकदा मी धुळ्याला बहिणीकडे निघाले होते आणि नाना पेन्शनच्या कामाला. एकाच एसटीत गाठ पडली. मी पदर तोंडावर घेऊन झोपेचं सोंग घेतलं. नाना शेजारच्या माणसाला म्हणाले, "तुम्ही जॉनीचा पिक्चर देखा का?" बस अजून जळगावच्या बाहेरही पडली नव्हती.

"जॉनी म्हणजे शिपाई. दिसायला माझ्यासारखा, फक्त गोरा. त्याला एकच रोग, गाण्याचा. परेडला गातो, बटाटे सोलताना गातो, साहेब शिव्या देतो तर त्या शिव्यांनाही चाल लावतो. साहेबाच्या मिशा अशा! साहेब म्हणतो, जॉनी, तुला कोठडीत टाकतो. जॉनी कोठडीत जाऊन गातो. आता इथे ध्यान द्या. गावात एक पोरगी राहते. रंगाने सावळी. बोलायची नाही कोणाशी. डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. पण तिच्या डाव्या कानामागे एक तीळ शे. तो जगात फक्त जॉनीला माहीत."

अमेरिकन पोरगी, सावळी, डोक्यावर पदर! माझं झोपेचं सोंग तिथेच सुटलं. पण बाकी बस ऐकत होती हो. पुढच्या सीटवरच्या दोघी बायका मागे वळून बसल्या. जॉनीला लढाईवर जायचा हुकूम येतो. पोरगी विहिरीवर असते. चार बायका आजूबाजूला, त्यामुळे काही बोलता येत नाही. ती फक्त पायातले पैंजण काढते आणि कनवटीला बांधते. ज्याने ऐकायचे तोच गावात नाही, मग वाजवायचे कोणासाठी? एरंडोल येईपर्यंत त्या दोघी बायका डोळे पुसायला लागल्या होत्या. एकाला एरंडोलला लग्नाच्या पत्रिका वाटायच्या होत्या, तो उतरलाच नाही. कंडक्टरने हटकलं तर म्हणाला, "पारोळ्याला उतरतो भाऊ, परतीची बस धरून येतो. नाना, पुढे काय झालं?"

पुढे जॉनी सुट्टीवर येतो आणि ती केळीच्या बागेत उभी असते.

"नाना," मी उठून बसले. "अमेरिकेत केळीच्या बागा?"

नाना म्हणाले, "म्याडम, तुम्ही गेल्या व्हत्या का अमेरिकेला?"

अख्खी बस माझ्याकडे बघून हसली. मी खिडकीबाहेर पाहत बसले. तो अपमान माझ्या जिव्हारी लागला, आणि पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

नानांची बायको इंदूअक्का. बारीक अंगाची, डोक्यावर कायम पदर, जीभ मात्र खास खानदेशी तिखटाची. नानांचा आवाज चढला की आतून ओरडायची, "व माय! व्हयनं सुरू यास्नं!" म्हणजे, झालं यांचं सुरू. मी एकदा तिला विचारलं, "अक्का, हा पिक्चर तुम्ही पाहिलाय?"

"कुठला पाहते? पण ऐकलाय बठ्ठा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी काय, आख्ख्या गावाने ऐकलाय."

त्यावर नाना अभिमानाने म्हणाले, "पत्रातून पाठवला मी. एका पत्रात एक तुकडा. आमच्या गावात थेटर नव्हतं म्याडम, तरी पिक्चर सात महिने चालला!" पत्र आलं की गुरुजी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे आणि सगळी गल्ली जमायची. पत्राच्या उत्तरात दर वेळी शेवटी एक ओळ असायची, 'पिक्चरमध्ये पुढे काय झालं ते कळवावे.' "दादांना, म्हणजे वडिलांना, फार गोडी लागली होती," नाना म्हणाले. "कडक माणूस, पण त्या पिक्चरसाठी वाट बघायचा."

तर नानांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. कॉलनीने ठरवलं, भरीत-पुरीचा बेत करायचा. मी म्हटलं, आणि पिक्चर दाखवायचा. नानांचाच. सगळे खूश झाले. पण नानांना पिक्चरचं नाव ठाऊक नव्हतं. मग मी एका सकाळी खिडकीतून मोबाइल बाहेर धरला, नानांचं हप्पा डप्पा रेकॉर्ड केलं आणि मोबाइललाच विचारलं, बाबा रे, हे काय आहे? मोबाइल दोनदा गोंधळला. तिसऱ्यांदा त्याने चक्क पिक्चर काढून दिला. मला कोण आनंद! वरवर मी सांगत होते, नानांना भेट म्हणून. मनातून मला ती केळीची बाग बघायची होती.

बातमी ऐकल्यावर नाना नाचतील असं मला वाटलं होतं. नाना फाटकाला धरून उभेच राहिले.

"सापडला?" म्हणाले. "तोच?"

"तोच. रविवारी दुपारी, मंदिरामागच्या हॉलमध्ये."

दुसऱ्या दिवसापासून नानांनी जी आघाडी उघडली तिला तोड नाही. आधी म्हणाले, रविवारी अमावास्या आहे. कॅलेंडरात नव्हती. मग त्यांना ताप आला. अक्काने कपाळाला हात लावला आणि अंथरुणातून उठवून वांगी आणायला पाठवलं. हॉलचा फ्यूज नाहीसा झाला. नवा बसवला तर विजेची लांब वायर गायब. ती अक्काला नानांच्या खाटेखाली ट्रंकेमागे सापडली, आणि तिनेच ती आणून माझ्या हातात दिली. "म्हातारा लाजून राहिला," म्हणाली. "तुम्ही दाखवा म्याडम. मी नवं लुगडं नेसणार आहे."

शनिवारी दुपारी अक्का झोपली असताना नाना आमच्याकडे आले. सॅल्यूट नाही की काही नाही. खुर्चीच्या टोकावर बसले.

"म्याडम, त्या पिक्चरमध्ये थोडं मी घातलं शे."

"मला वाटलंच! केळीची बाग ना?"

"बाग."

"आणि?"

"विहीर. पैंजण."

"आणि नाना?"

नाना आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाले, "पोरगी."

"पोरगी म्हणजे? पिक्चरमध्ये पोरगीच नाही?"

"शे एक. पँट घालते. शिट्ट्या मारते. ती वेगळी." मग एकदम खालच्या आवाजात, "मनी पोरगी बठ्ठी मनी शे, म्याडम. सगळी माझीच."

मी हसले. खूप हसले. सहा वर्षांचं साठलेलं हसू होतं ते. पण नाना हसले नाहीत. म्हणाले, "लोक हसू द्या. फौजेत खूप हसले. पण इंदूने पन्नास वर्षं खरं मानलं ते. उद्या तिच्यासमोर मी खोटा पडीन. एवढं करू नका म्याडम. मी तुमच्या पाया पडतो." आणि खरंच वाकायला लागले. पंच्याहत्तर वर्षांचा ताठ माणूस! मी त्यांचे खांदे धरले. मला स्वतःची इतकी लाज वाटली की तेव्हाच ठरवलं, उद्या प्रोजेक्टर बिघडणार.

रविवारी हॉल भरला. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. मागच्या अंगणात पुरुषमंडळी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती आणि त्याचा खमंग वास आत येत होता. नशिराबादहून नानांची मुलगी संगीता नवरा-मुलांसह आली होती. पहिल्या रांगेत छातीवर पदकं लावून नाना, शेजारी नव्या लुगड्यात अक्का. मी पुढे जाऊन सांगितलं, "मंडळी, माफ करा. प्रोजेक्टर बिघडलाय. आपण गाण्यांच्या भेंड्या खेळू."

"बिघडला?" अक्का म्हणाली. "म्याडम, इतकी वर्षं पोरांचा खोटेपणा पकडला तुम्ही, स्वतःला एवढंसं खोटं बोलता येत नाही? लावा."

आणि आमच्या ह्यांनी, ज्यांना मी काही सांगितलं नव्हतं, पुढे होऊन बटण दाबलं. प्रोजेक्टर झकास चालू झाला. जन्मात कधी वेळेवर एक खिळा ठोकला नाही या माणसाने!

पिक्चर सुरू झाला. शिपाई होता, गात होता. मिशाळ साहेबही होता. आणि दहाव्या मिनिटाला शिपाई बटाटे सोलताना गायला लागला, "हप्पा डप्पा डूडली डो!" अगदी अक्षर न् अक्षर! त्या गाण्याला काही अर्थच नव्हता, तसंच होतं ते. हॉलने टाळ्या वाजवल्या आणि मी जमिनीत जायची तेवढी राहिले.

पण मग ती पोरगी आली. पिवळ्या केसांची. पँट घालून जीपमधून उतरली, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि साहेबाच्या टेबलावर चढून नाचली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. आमच्या कॉलनीतल्या चौधरीभाऊंना गप्प बसवत नाही. "नाना, पदर कुठे हिचा?" थोड्या वेळाने, "नाना, विहीर केव्हा येते?" मग कोणीतरी, "अहो, पैंजण जीपमध्ये राहिले!" हशा वाढत गेला. शेवट बर्फात झाला. केळीचं एक पान नाही. सतरंज्या काढल्या, उजेड आला, तेव्हाही लोक पोट धरून हसत होते. "नाना, काय फेकलं हो तुम्ही! पन्नास वर्षं!"

नाना सावधान स्थितीत बसले होते. हात मांडीवर. नजर समोर, पडदा काढून घेतल्यावर उरलेल्या भिंतीवर. ते अक्काकडे बघत नव्हते.

अक्का उठली. "हसून झालं?" म्हणाली. "आता इथे ध्यान द्या."

नानांचंच बोट, तसंच वर. हॉल हसता हसता थांबला.

"लग्नाला चार महिने झाले आणि हे पलटणीत गेले. मला अक्षरओळख नाही. पत्र यायचं ते सासऱ्यांच्या नावाने. वाचायचे गुरुजी, ओट्यावर, शंभर माणसांत. त्यात सुनेचं नाव घ्यायची रीत नव्हती. लहानथोरांस नमस्कार-आशीर्वाद, त्यात मी आली. बैलाचीसुद्धा खुशाली विचारायचे, माझी नाही. मग एका पत्रात पिक्चर आला. मी दाराआड भाकरी थापत होती. गुरुजी वाचत होते, पोरीच्या डाव्या कानामागे तीळ शे."

आणि अक्काने, जिचा पदर सहा वर्षांत मी कधी ढळलेला पाहिला नव्हता, त्या अक्काने भर सभेत पदर कानामागे सारला. पांढऱ्या केसांच्या खाली, सुरकुतलेल्या कातडीवर, तिळाएवढा तीळ होता.

"भाकरी करपली त्या दिवशी," ती म्हणाली. "सासूने शिव्या दिल्या."

कोणी हसलं नाही. नानांनी मान वळवली. हळूहळू. "तुले माहीत व्हतं?"

"मी काय येडी शे का?"

"मंग सांगं का नही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहिणं बंद केलं असतं. लाजाळू माणूस!"

नाना म्हणाले, "बरं झालं, दादांना गोडी लागली. ते दर पत्रात विचारायचे म्हणून तर मी..."

"दादा?" अक्का आता फक्त नानांशी बोलत होती, आम्ही कोणी तिथे नसल्यासारखी. "दादा ओट्यावर घोरी राहत. गुरुजी उत्तर लिहीत आणि विचारत, आणखी काही? तवय मी दारामागून सांगू. एकच ओळ सांगता येई माले. पुढे काय व्हयनं ते कळाडा."

नानांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. 'पुढे काय झालं ते कळवावे' अशी शेवटची ओळ असलेली पन्नास वर्षांपूर्वीची ती सगळी पत्रं त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा पोहोचली होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला. त्याबरोबर माझा तो 'हॅपी डॅडी'चा कागद खाली पडला. नाना खाली वाकलेच नाहीत. रुमाल तोंडावर धरून ते हमसून हमसून रडले, आणि चौधरीभाऊ सगळ्यांच्या आधी उठून बाहेर वांगी बघायला गेले.

भरीत छान झालं होतं म्हणतात. मला चव कळली नाही.

सोमवारी सकाळी मला पावणेसहाला जाग आली, पण गाण्याने नाही. बाहेर शांतता होती. सहा वर्षं मी देवाकडे हेच मागत होते, आणि मिळालं तर झोप येईना. तशीच गाऊनवर फाटकाशी गेले. किटली त्यांच्या पायरीवर रिकामीच होती. अक्का ओट्यावर लसूण सोलत बसली होती. पदर खांद्यावर. पायात काहीतरी चमकलं म्हणून बघितलं तर जुने, काळे पडलेले पैंजण. नाना शेजारी बसून हळू आवाजात तिला काही सांगत होते.

"नाना, आज गाणं नाही?" मी विचारलं.

उत्तर अक्काने दिलं. "दूध उशिरा आणतील म्याडम. आज पिक्चर घरात चालू शे."

मग ती नानांकडे वळली, हातातली लसणाची पाकळी तशीच धरून.

"हां, मंग? पुढे काय व्हयनं?"